शिकाऊ काउन्सेलरकडे जरूर जा, फक्त त्याच्यावर देखरेख कोणाची ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रांच्या पानावर मागच्या आठवड्यात एका वाचकांनी लिहिलं होतं की सायकॉलॉजीत एमए करणारी मुलंमुली हल्ली दोन-तीनशे रुपयांत काउन्सेलिंग करतात, यांना स्वतःच्या आयुष्याचा अनुभव नाही, हातात लायसन्स नाही, लोकांच्या मनावर प्रॅक्टिस करायची परवानगी यांना दिली कोणी, हे बंद झालं पाहिजे. ते पत्र डोक्यातून जातच नाहीये. त्यांची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ते वाचून एखाद्या बाईने घेतलेली अपॉइंटमेंट रद्द केली तर नुकसान तिचं होणार आहे, आणि मी स्वतः अशाच एका शिकाऊ मुलीकडे काही महिने जाऊन सावरलेली आहे, म्हणून राहवलं नाही. पत्र लांब झालंय, जागेसाठी कापावं लागलं तर कापा, फक्त काय विचारायचं तो भाग ठेवा.

आधी लायसन्सचं बघू. काउन्सेलर म्हटला की त्याच्याकडे लायसन्स असणारच असं आपण धरून चालतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे मानसिक आजारांची तपासणी आणि थेरपी करणाऱ्या, पण डॉक्टर नसलेल्या तज्ज्ञाला, खरंच लागतं, 1992 च्या कायद्याखाली रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया आहे, तिच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं, सीआरआर नंबर मिळतो आणि तो आपल्याला ऑनलाइन तपासता येतो. सायकियाट्रिस्ट तर एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टरच असतो, त्याचं मेडिकल कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन असतं. पण नुसतं काउन्सेलर, थेरपिस्ट, माइंड कोच असा बोर्ड लावायला आपल्याकडे आजवर कसलंही लायसन्स लागत आलेलं नाही. 2017 चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट आला, तो 2018 च्या मे महिन्यात लागू झाला, त्याच्यात सायकियाट्रिस्ट आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि नर्स आहेत, साधा काउन्सेलर मात्र त्यात वेगळा मोजलेलाच नाही. मग 2021 मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यातल्या इतर व्यवसायांचा कायदा झाला, त्याच्या यादीत सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर आले, आणि त्याच कायद्याला धरून यूजीसीने 2025 मध्ये सायकॉलॉजी डिस्टन्सने किंवा ऑनलाइन शिकवायला बंदी घातली. हे चांगलंच झालं, कारण माणसासमोर बसल्याशिवाय हे काम शिकता येत नाही. पण आज कल्याणमध्ये बसून मला एखाद्या काउन्सेलरचं नाव कुठल्या सरकारी रजिस्टरात तपासायचं असेल तर तशी सोय माझ्या हातात अजून आलेली नाही.

म्हणजे "लायसन्स नाही" हे जे त्या मुलांबद्दल म्हटलंय ते पंधराशे रुपये घेणाऱ्या बहुतेक काउन्सेलरनासुद्धा लागू आहे. फरक कुठे आहे सांगू का, त्या एमएच्या मुलीने आज माझ्याशी काय बोलणं केलं हे या आठवड्यात तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मॅडम तपासणार असतात आणि बोर्ड लावून बसलेल्या माणसाचं काम बघणारं बऱ्याचदा कोणीच नसतं. मला भीती वाटते ती या दुसऱ्या माणसाची.

मी दोघांचाही अनुभव घेतलाय म्हणून सांगते. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया आहे, रात्री उठून दार उघडून बाहेर जायच्या, मिस्टरांची शिफ्ट ड्युटी, माझी नोकरी मुंबईत, आणि मग मला लोकलमध्ये अचानक छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या, घाम, आता इथेच काहीतरी होणार असं वाटायचं आणि मी मधल्याच स्टेशनला उतरून बाकावर बसून राहायचे. ईसीजी काढला, टूडी इको केली, सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, कोणाशी तरी बोला. मग ओळखीतून एका खाजगी काउन्सेलरकडे गेले, नाव लिहीत नाही, सेशनचे 1500 रुपये. भिंतीवर पाच-सहा सर्टिफिकेटं. त्यांनी पहिल्याच भेटीत अर्ध्या तासात मला सांगून टाकलं की सासूबाईंना वृद्धाश्रमात ठेवा, सगळं सुटेल. आणि बोलता बोलता दुसऱ्या एका बाईंची गोष्ट अशी सांगितली की त्या कुठल्या सोसायटीत राहतात आणि त्यांचा मुलगा काय करतो हे मला कळलं, म्हणजे माझी गोष्ट उद्या कोणाला सांगितली जाईल ते मी तिथेच बसल्या बसल्या ओळखलं. तक्रार करायची म्हटली तर कोणाकडे? डॉक्टर असता तर मेडिकल कौन्सिल होतं. इथे कोणीच नव्हतं.

त्याच्यानंतर ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सांगितलं की एका कॉलेजच्या सायकॉलॉजी डिपार्टमेंटचं सेंटर आहे, एमएच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली तिथे काउन्सेलिंग करतात, फी 200 रुपये आणि तीही परवडत नसेल तर कमी करतात. गेले. मुलगी तेवीस-चोवीसची असेल, माझ्या पुतणीएवढी. तिने आधी विचारलं, तुम्हाला काय म्हणू, काकू चालेल का. आणि मग लगेच, मी काही सांगायच्या आत, ती म्हणाली, "काकू, मी अजून शिकतेय. आपलं जे बोलणं होईल त्याच्या नोंदी मी माझ्या सुपरव्हायजर मॅडमना दाखवते, त्यात तुमचं नाव नसतं. त्यांचं नाव आणि नंबर या फॉर्मवर आहे, माझ्याबद्दल काही वाटलं तर तुम्ही सरळ त्यांना फोन करू शकता. आणि मार्चनंतर मी इथे नसेन, ते आपण आधीच लक्षात ठेवू." फॉर्म मराठीत होता. गुप्तता कुठपर्यंत आणि ती कधी मोडावी लागते तेही त्यात लिहिलेलं, जिवाला धोका असेल तर, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर, कारण पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1500 रुपयांच्या ठिकाणी मला असा कागदच कोणी दिला नव्हता.

दुसऱ्या का तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, काकू तुमची थायरॉइडची टेस्ट झालीय का, मॅडमनी विचारायला सांगितलंय. कारण थायरॉइड वाढलं की असंच धडधडतं, हात थरथरतात, घाबरल्यासारखं होतं, आणि ते नुसतं बोलून जाणार नाही. माझा रिपोर्ट नॉर्मल आला, पण मुद्दा तो नाहीच. तिला स्वतःला ते सुचलं नव्हतं, तिच्या मागे बसलेल्या बाईला सुचलं, म्हणजे 200 रुपयांत माझ्या त्रासाकडे दोन डोकी बघत होती. पुढे तिने मला ते अटॅक लिहून काढायला लावले, कधी, कुठे, त्या आधी डोक्यात काय चाललं होतं, आणि मग टप्प्याटप्प्याने परत गाडीत बसवलं, आधी दुपारी गर्दी नसताना एकच स्टेशन, मग दोन, मग सकाळची स्लो, आणि धडधड सुरू झाली तरी उतरायचं नाही, ती चढते तशी उतरते हे बघत उभं राहायचं. सासूबाईंचं काय करायचं ते तिने एकदाही सांगितलं नाही. तिने विचारलं की घरात रात्रीची जबाबदारी कोणाकोणात वाटता येईल, आणि मी हे मिस्टरांशी आणि नणंदेशी कधी बोललेच नव्हते ते मला तिथे कळलं. एकदा मी काहीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हे मला नक्की माहीत नाही काकू, मी विचारून पुढच्या वेळी सांगते." ते वाक्य ऐकून माझा तिच्यावरचा विश्वास वाढला.

आता सुपरव्हिजन म्हणजे नेमकं काय, कारण त्या पत्रात असं चित्र होतं की पोरं मोकाट सुटलीत. मी नंतर त्या मॅडमना भेटून हे समजून घेतलं. शिकणारी मुलं दर आठवड्याला चार-पाच जणांच्या ग्रुपमध्ये किंवा एकेकटी सुपरव्हायजरसमोर बसतात, क्लायंट काय बोलला, आपण काय बोललो, ते शक्य तितकं शब्दशः लिहून आणतात, क्लायंटची लेखी परवानगी असेल तर रेकॉर्डिंग ऐकवतात. मग सुपरव्हायजर विचारते, इथे तू एकदम विषय का बदललास, ती रडायला लागल्यावर तुला स्वतःला काय झालं, हा सल्ला तिला हवा होता की तुला द्यायचा होता. काही वेळा रोलप्ले करून घेतात. केस हाताबाहेरची वाटली तर ती कुठे पाठवायची हे सुपरव्हायजर ठरवते. मला हे ऐकताना सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आठवलं, तिथे विद्यार्थी रूट कॅनाल करतात, प्रत्येक टप्प्याला सर येऊन तपासून जातात, वेळ दुप्पट लागतो पण दात नीट होतो, आणि तिथे जाणाऱ्याला आपण कधी म्हणत नाही की दाताशी खेळ चाललाय.

बरं, कमी शिकलेल्या पण नीट देखरेख असलेल्या माणसाकडून खरंच बरं वाटतं का, याचं उत्तर आपल्या शेजारी गोव्यातच मिळालेलं आहे आणि मराठी पेपरांत ते फारसं येत नाही याचं मला वाईट वाटतं. गोव्यात संगथ नावाची संस्था आहे, 1996 पासून काम करते, सायकियाट्रिस्ट डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, चांगलंच डिप्रेशन असलेल्या जवळपास 500 लोकांवर. काउन्सेलिंग करणारे कोण, तर तिथलीच साधी माणसं, किमान दहावी झालेली, सायकॉलॉजीची डिग्री नाही, काही आठवड्यांचं ट्रेनिंग आणि मग इंटर्नशिप. सहा ते आठ भेटी. अर्ध्या लोकांना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार आणि त्याला जोडून हे काउन्सेलिंग, अर्ध्यांना फक्त नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी काउन्सेलिंग मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक डिप्रेशनच्या बाहेर आले होते, दुसऱ्या गटात 39 टक्के. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2017 ला हे छापून आलंय. आणि या काउन्सेलरना मोकळं सोडलेलं नव्हतं, ते ग्रुपने बसून एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग ऐकायचे, त्यांना मार्क द्यायचे, चुका काढायचे. माझ्या मते सगळं रहस्य तिथेच आहे. डिग्री कमी होती पण रेकॉर्डिंग दर आठवड्याला ऐकलं जात होतं.

आणि अनुभवाचं म्हणाल तर, वर्षं वाढली की थेरपिस्ट आपोआप चांगला होतो असंही दिसत नाही. अमेरिकेत 2016 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, 170 थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांहून जास्त क्लायंट, त्यात वर्षं जातील तसे थेरपिस्टचे रिझल्ट सरासरीने सुधारलेले दिसले नाहीत, उलट किंचित खाली आलेले दिसले. म्हणजे 20 वर्षांचा अनुभव असं कोणी सांगितलं तर तेवढ्यावर भुलू नये, त्या 20 वर्षांत आपलं काम कोणाला तरी दाखवलं का ते बघावं.

कॅलिफोर्नियात माझी भाची राहते, सॅन होजेला. तिथे तर ही पद्धत कायद्यातच बसवलेली आहे. मास्टर्स झालं की लगेच लायसन्स मिळत नाही, आधी असोसिएट म्हणून रजिस्टर व्हायचं आणि देखरेखीखाली 3000 तास काम करायचं, किमान 104 आठवडे. आणि असोसिएटने क्लायंटला काम सुरू करण्याआधी सांगावंच लागतं की मला अजून लायसन्स नाही, मी सुपरव्हिजनखाली आहे. भाचीला बाळ झाल्यावर ती अशाच एका असोसिएटकडे जायची, लायसन्स असलेल्या थेरपिस्टच्या निम्म्याहून कमी फी, आणि तिथे यात कोणाला कमीपणा वाटत नाही, लोक उघडपणे असोसिएट शोधतात. आपल्याकडे हे सांगणं बंधनकारक नाही, म्हणून विचारायचं काम आपल्यावर येतं.

तर विचारायचं काय. पहिल्या फोनवरच विचारा की तुमचे सुपरव्हायजर कोण आणि ते काय शिकलेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर सीआरआर नंबर मागा, मागायला लाजू नका, तो लपवण्यासारखा नसतो. सुपरव्हिजन दर आठवड्याला होतं की कधीतरी गरज पडली तर, हे विचारा, कारण "काही अडलं तर सरांना फोन करतो" म्हणजे सुपरव्हिजन नव्हे, शिकणाऱ्याला कुठे अडलंय तेच बऱ्याचदा कळत नसतं. माझं नाव कुठे लिहिलं जाईल, कागद कुठल्या कपाटात राहतील, रेकॉर्डिंग करणार का, नको म्हटलं तर चालेल का. तुमचं सेमिस्टर कधी संपतं आणि मग माझं काय. रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा. आणि तुम्ही काय काय घेत नाही, म्हणजे कुठल्या केस पुढे पाठवता. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, जो म्हणेल आम्ही सगळं घेतो, तिथून उठून यावं, मग तो शिकाऊ असो की पंचवीस वर्षांचा जुना. आणि हे प्रश्न विचारल्यावर कोणी चिडलं, तर तेच उत्तर समजा.

त्या वाचकांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे, की काही त्रास शिकाऊ माणसाच्या एकट्याच्या हातात देऊ नयेत. ज्याने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केलाय किंवा ज्याच्या डोक्यात तसा ठरलेला विचार आहे, ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याची झोप दोन-दोन रात्री नाहीशी होऊन तो भलताच उत्साहात उधळपट्टी करतोय, त्याला आधी सायकियाट्रिस्टकडे न्या, जिल्हा रुग्णालयात ओपीडी असते, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि मनोरुग्णालय या नावाला घाबरू नका, ओपीडीत दाखवून लोक घरी येतात. रोज दारू पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, तिथेसुद्धा आधी डॉक्टर हवा. आणि गोळ्या चालू असतील तर त्या काउन्सेलरच्या सांगण्याने कमी करायच्या नाहीत, त्याला तो अधिकारच नाही. टेलीमानसचा 14416 हा नंबर सगळ्यांनी फोनमध्ये सेव्ह करून ठेवावा, मानसिक त्रासासाठीची केंद्र सरकारची फोन सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉलसुद्धा 2012 पासून फोनवर काउन्सेलिंग करते.

पण बहुतेक लोकांचा त्रास या टोकाचा नसतो. माझ्यासारख्यांचा असतो. घरातली माणसं, नोकरी, परीक्षा, कोणी गेल्याचं दुःख, मोडलेलं लग्न, रात्रीची काळजी. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की नेहमीच्या मानसिक त्रासांत साधारण 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. देशात एक लाख माणसांमागे एक सायकियाट्रिस्टसुद्धा भरत नाही. खाजगी थेरपी आमच्या भागात 1000 ते 2500 रुपये एका सेशनला, आठवड्याला एक धरलं तर महिन्याचे चार ते दहा हजार, आणि मेडिक्लेम बहुतेक वेळा ॲडमिट झाल्याशिवाय काही देत नाही, कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच इन्शुरन्स द्या असं लिहिलेलं असूनही. माझ्या पगारात हे कसं बसणार होतं? दोन भेटी करून सोडून दिलं असतं, आणि अर्धवट सोडलेल्या थेरपीचा बऱ्याचदा फारसा उपयोग होत नाही, उलट माणूस म्हणतो की हेही करून बघितलं. 200 रुपयांत मी शेवटपर्यंत जाऊ शकले, हा फायदा कोणी मोजत नाही.

तोटेही आहेत, ते लपवायचे नाहीत. मार्चमध्ये ती मुलगी गेली तेव्हा मला फार जड गेलं, तिने आधी सांगितलं होतं आणि शेवटच्या भेटींत आम्ही त्याच्यावर बोललोही होतो, तरी नव्या मुलीला पुन्हा सुरुवातीपासून सांगायचं नको वाटतं. सेंटरची वेळ सकाळी 11 ते 4, नोकरी करणाऱ्याने जायचं कधी, मी हाफ डे टाकून जायचे, रोजंदारीवरच्या बाईला ते शक्यच नाही. आणि मराठीचा मोठा प्रश्न आहे. या मुलींचं सगळं शिक्षण इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, एकीने मला पहिल्या दिवशी "तुमचे बाउंडरीज" असं विचारलं, मी तिच्याकडे बघतच राहिले. ती मराठीच होती, घरी मराठीच बोलत असणार, पण दुःखाबद्दल मराठीत कसं विचारायचं ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. जीव घाबरा होणं, काळजात धस्स होणं, मन उडून जाणं, उमाळा येणं, आपल्या बायका हे बोलतात, ते ऐकायला शिकवा ना त्यांना. हे काम मराठी विद्यापीठांनी नाही करायचं तर कोणी करायचं?

आणि एक गोष्ट त्या मुलांच्या बाजूने. कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्यांना पुढचं सुपरव्हिजन स्वतःच्या खिशातून घ्यावं लागतं, तासाला दीड-दोन हजार रुपये देऊन, आणि पगार सुरुवातीला किती असतो ते कोणालाही विचारा. मग बरीचशी मुलं परवडत नाही म्हणून ते सोडून देतात आणि एकटी काम करायला लागतात, म्हणजे आपली व्यवस्थाच त्यांना हळूहळू त्या बोर्डवाल्या काउन्सेलरच्या रांगेत नेऊन बसवते. तुम्हाला ही मुलं धोकादायक वाटत असतील तर त्यांच्यावरची देखरेख वाढवायची मागणी करा, त्यांचं काम बंद करायची मागणी करू नका, ते बंद झालं तर शिकणार कुठे, आणि पाच वर्षांनी तुमच्या-माझ्या मुलांना काउन्सेलर मिळणार कुठून?

माझं मागणं साधं आहे. ज्या ज्या कॉलेजांत आणि विद्यापीठांच्या विभागांत सायकॉलॉजीचं एमए आहे त्यांनी आपली सेंटर आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी 6 ते 9 आणि रविवारी उघडी ठेवावीत, दारावर सुपरव्हायजरचं नाव, शिक्षण आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावावा, संमतीचा फॉर्म मराठीत द्यावा, आणि सुपरव्हिजन करणाऱ्या प्राध्यापकांना त्याचे तास कामाच्या तासांत धरून द्यावेत, आत्ता त्या बायका लेक्चरं संपल्यावर जीव टाकून हे करतात. महापालिकांनी आपल्या दवाखान्यांत एकेक खोली दिली तर झोपडपट्टीतल्या बाईला कॉलेजच्या गेटमधून आत जायची भीडही राहणार नाही. आणि उमेदवारी पूर्ण करणाऱ्यांचं सुपरव्हिजन पहिली दोन-तीन वर्षं सरकारने कमी दरात उपलब्ध करून द्यावं, 2021 च्या नवीन कायद्याखाली राज्यात जे काही उभं राहतंय त्यात हे आत्ताच घालून घेता येईल.

तुमच्या पेपरलाही एक विनंती आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, तुमच्या आवृत्त्या जिथे जिथे आहेत तिथल्या अशा सेंटरची यादी एकदा छापा. वार्ताहराने स्वतः जाऊन बघावं, फी किती, वेळ काय, मराठीत बोलतात का, सुपरव्हायजर कोण, सुट्टीत चालू असतं का. एवढं छापलंत तर मी ते कापून आमच्या ऑफिसच्या लेडीज रूममध्ये लावीन, तिथे ते वाचणाऱ्या किमान तिघी मला आत्ताच माहीत आहेत.

आपली,
एक वाचक
कल्याण (पश्चिम)